सण सगळ्यांचे, तोशीस एकट्याची

दरवर्षी श्रावण लागला की वर्तमानपत्रांत एक बातमी ठरल्याप्रमाणे येते. मथळा थोडाफार बदलतो, मजकूर तोच असतो : सणासुदीच्या तोंडावर महागाई आटोक्यात ठेवण्यासाठी सरकारने पावले उचलली. ही पावले कोणाच्या अंगणातून जातात, हे त्या बातमीत कधी लिहिलेले नसते. ते आपल्याला बाजारात गेल्यावर कळते.

दोनच उदाहरणे घेऊ. २०२१ साली दसरा १५ ऑक्टोबरला होता. सोयाबीन नुकते खळ्यावर आले होते. १४ ऑक्टोबरपासून केंद्राने कच्च्या खाद्यतेलांवरचे मूळ आयातशुल्क काढून टाकले आणि अधिभारही कमी केला. कारण दिले सणांचे. दुसरे उदाहरण आपल्या कापसाचे. २०२५ साली पोळा २२ ऑगस्टला आला. त्याच आठवड्यात, १९ ऑगस्टपासून, कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवण्यात आले. आधी मुदत ३० सप्टेंबरची सांगितली, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. या मुदतीत दसरा आला, दिवाळी आली, पहिली वेचणी आली आणि दुसरीही आली. गिरण्यांना दिलासा हवा होता, असे सांगण्यात आले. गिरण्यांना दिलासा हवा असेलही. पण आम्ही बैलाच्या शिंगांना बेगड लावत होतो तेव्हा आमच्या कापसाचा भाव ठरवून झाला होता, एवढे मात्र खरे.

म्हणून या अंकात आम्ही सणांविषयी लिहितो आहोत. शेतकरी संघटनेच्या पत्रकात सणांचे काय काम, असे काही जण विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की, या देशात सण आणि शेतीमाल या दोन वेगळ्या गोष्टी कधी नव्हत्याच. त्या वेगळ्या आहेत असे भासवले गेले, तेव्हापासून आपला तोटा सुरू झाला.

देशाचे सण म्हणजे पिकांचे पंचांग

हा देश शंभर भाषांचा, दहा धर्मांचा. पण नकाशा समोर ठेवून सणांच्या तारखा लावत गेले की धर्माआधी पीक दिसते. जानेवारीच्या मध्यावर तामिळनाडूत नव्या तांदळाचा पोंगल उतू जातो. त्याच सुमारास आसामात भोगाली बिहू असतो, पंजाबात लोहरीची आग पेटते आणि आपल्याकडे संक्रांतीच्या वाणात हरभऱ्याचे घाटे, ऊस आणि बोरे असतात. एप्रिलमध्ये पंजाबात गहू कापणीला येतो तेव्हा वैशाखी येते. १६९९ साली याच दिवशी गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली, म्हणजे एका धर्माचा सर्वांत मोठा दिवस कापणीच्या दिवसाला जोडून उभा राहिला. पश्चिम ओडिशात गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नुआखाई असते, म्हणजे नवे धान्य खाण्याचा दिवस. आपल्या गडचिरोली, गोंदियाकडच्या आदिवासी गावांतही नवे धान्य देवाला दाखवल्याशिवाय घरात शिजत नाही.

आपल्या कोरडवाहू पट्ट्याचे सणही असेच आहेत. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागांत मार्गशीर्ष अमावस्येला येळवस होते. रब्बी ज्वारी, हरभरा, करडई शेतात उभी असते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करून तिच्यात पांडव मांडतात आणि भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे बांधावर बसून खातात. त्या दिवशी लातूर शहर ओस पडते, कारण ज्याला शेत नाही त्यालाही कोणीतरी शेतावर बोलावलेले असते. जेवायला येणाऱ्याची जात-धर्म कोपीच्या दारात विचारत नाहीत. वऱ्हाडात कापसाची पहिली वेचणी करण्याआधी बाया सीतादही करतात. पऱ्हाटीला सूत गुंडाळून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच ओटीत पहिले बोंड पडते.

आसामचा एक सण आम्हाला विशेष सांगावासा वाटतो. तिथे वर्षात तीन बिहू असतात. एप्रिलचा रंगाली आनंदाचा आणि जानेवारीचा भोगाली खाण्यापिण्याचा. ऑक्टोबरच्या मध्यावर येतो त्याचे नाव कंगाली बिहू. भात शेतात उभे असते, कोठार रिकामे झालेले असते. त्या दिवशी मेजवानी नाही, नाचगाणे नाही. शेतात आणि तुळशीपाशी दिवा लावायचा, पीक सुखरूप घरी येऊ दे म्हणायचे आणि झोपायचे. कोठार रिकामे असताना ते भरल्याचे सोंग करायचे नाही, एवढा शहाणपणा त्या शेतकऱ्यांनी आपल्या पंचांगातच लिहून ठेवला आहे. आपल्याकडे ऐन त्याच दिवसांत दिवाळी येते. कापूस झाडावर, तूर फुलोऱ्यात, पदरात पैसा नाही. आणि तरीही दिवे शंभर लावायचे असतात.

सुट्टी नको, गिऱ्हाईक हवे

सरकार कोणत्या सणाला मानते हे सुट्ट्यांच्या यादीत दिसते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी दोन डझनांच्या घरात जाते. तीत दिवाळी आहे, रमझान ईद आहे, नाताळ आहे. महावीर जयंती, बुद्ध पौर्णिमा, गुरू नानक जयंती आणि पारशी नववर्षही आहे. याचा आम्हाला अभिमान आहे. इतक्या धर्मांना एका यादीत बसवणारे देश जगात फार नाहीत. पण या यादीत पोळा नाही आणि संक्रांतही नाही. विदर्भात पोळ्याला आणि लातुरात येळवशीला सुट्टी मिळते ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातली, स्थानिक. तामिळनाडूच्या यादीत मात्र पोंगलच्या पाठोपाठ 'उळवर तिरुनाळ' म्हणून एक दिवस आहे. त्याचा अर्थच शेतकऱ्याचा दिवस.

महाराष्ट्रातही शेतकऱ्याच्या नावाचा दिवस आहे, नाही असे नाही. वसंतराव नाईकांच्या जयंतीला, १ जुलैला, कृषिदिन असतो. त्या दिवशी पंचायत समितीच्या सभागृहात शेतकऱ्याला शाल-नारळ मिळते. ज्याला मिळायला हवे तो त्या दिवशी तिफणीवर असतो. दिल्लीचा किसान दिन २३ डिसेंबरला, चौधरी चरणसिंगांच्या जयंतीला येतो. कापसाची आवक तेव्हा भरात असते, आणि आवक भरात असताना भावाचे काय होते हे कास्तकाराला शिकवावे लागत नाही.

तर आम्ही सुट्टी मागत नाही. सुट्टीचा उपयोग पगारदाराला. बैलाला पोळ्याचा एक दिवस मिळतो तोच पुरे. आम्ही मागतो गिऱ्हाईक. सण म्हणजे देशातली सर्वांत मोठी खरेदी. त्या खरेदीत आपला माल असतो की नाही आणि कोणत्या भावाने असतो, हा खरा प्रश्न आहे.

इथे दोन राज्यांची तुलना करण्यासारखी आहे. तामिळनाडूत पोंगलला सरकार शिधापत्रिकाधारकांना भेट देते. २०२३ च्या पोंगलसाठी सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले की एक किलो तांदूळ, एक किलो साखर आणि हजार रुपये मिळतील. आदल्या वर्षीच्या भेटीत असलेला अख्खा ऊस यादीतून गळला होता. तिथले शेतकरी हा खायचा ऊस केवळ पोंगलसाठी लावतात, तो कारखान्याला चालत नाही. सण गेला की त्याला वैरणीची किंमत. शेतकरी रस्त्यावर आले. आठवड्याच्या आत सरकारला जाहीर करावे लागले की प्रत्येक पत्रिकेमागे एक अख्खा ऊस दिला जाईल. दोन कोटींहून अधिक पत्रिका, म्हणजे दोन कोटींहून अधिक ऊस शेतातून उचलले गेले.

महाराष्ट्रात त्याच २०२२ साली दिवाळीला 'आनंदाचा शिधा' वाटला गेला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो हरभऱ्याची डाळ आणि एक लिटर पामतेल. दीड कोटींहून अधिक शिधापत्रिकांसाठी ही योजना होती. गरिबाच्या घरी दिवाळीला कढई चढली, याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार त्या कढईतल्या तेलाबद्दल आहे. पामतेल येते ते इंडोनेशिया-मलेशियातून. ज्या राज्यात करडई, भुईमूग, सोयाबीन, तीळ आणि सरकी पिकते, त्या राज्याच्या दिवाळीच्या पिशवीत परदेशातले तेल. आधीच देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. करडईचे पीक आपल्या डोळ्यांदेखत बांधावरून हद्दपार झाले, आणि सरकारने आनंद वाटला तो दुसऱ्याच्या शेतातला. पिशवीत ज्वारी नव्हती हे वेगळे सांगायला नको. साठच्या दशकात महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांच्या आसपास ज्वारी होती, आज ती त्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत कशीबशी पोचते. २०२३ साल भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून गाजले. मेजवान्या झाल्या, ताटात ज्वारीचे केक आले. शिध्याच्या पिशवीत ज्वारी येणे मात्र राहून गेले.

तामिळनाडूचे शेतकरी आपल्यापेक्षा थोर होते असे नाही. त्यांना एवढेच कळले होते की सण हे त्यांचे गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईक हातचे जाऊ लागले तर आठ दिवसही थांबता येत नाही.

उलट बाजूही पाहू. केरळात ओणम असतो. त्या दिवशी बळीराजा आपल्या प्रजेला भेटायला येतो अशी श्रद्धा आहे. तो हाच, ज्याचे राज्य यावे म्हणून आपल्या मायबहिणी दिवाळीच्या पाडव्याला ओवाळतात. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे ओणम करतात आणि केळीच्या पानावर भाताचे जेवण होते. पण १९७० च्या सुमारास केरळात पावणेनऊ लाख हेक्टरांच्या आसपास भात होता, तो आता दोन लाख हेक्टरांच्या आसपास उरला आहे. अंगणातल्या रांगोळीची फुले कर्नाटकातल्या गुंडलुपेटहून आणि तामिळनाडूतून येतात, भाजीपालाही बराचसा तामिळनाडूतून येतो. सण वाढला आणि शेत गेले. बळीराजा दरवर्षी येतो खरा, पण आता त्याला दाखवायला शेताचा केवढासा तुकडा उरला आहे! आपली येळवस याच वाटेने जाऊ नये असे वाटत असेल तर ज्वारीचा भाव हा सणाचाच प्रश्न समजला पाहिजे.

गिऱ्हाइकाला धर्म नसतो

अलीकडे सणाचा दिवस जवळ आला की तालुक्याच्या गावात धास्ती वाटू लागते. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार, वाजंत्री कुठे थांबणार, पोलीस किती येणार. यात शेतकऱ्याचा फायदा काय, असे आम्ही प्रत्येक सभेत विचारतो. उत्तर कोणी देत नाही. तोटा मात्र आम्ही मांडून दाखवू शकतो.

कोरडवाहू घरात शेळी ही हातची ठेव असते. भूमिहीनाच्या आणि एकट्या बाईच्या घरात तर तीच बँक. तिचा सर्वांत चांगला भाव कोणत्या दिवसांत मिळतो? बकरी ईदच्या आधीच्या पंधरवड्यात. हिजरी सन चंद्राचा, ३५४-३५५ दिवसांचा. म्हणून ही ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२३ साली ती २९ जूनला होती, २०२४ साली १७ जूनला, २०२५ साली ७ जूनला. म्हणजे ही तीन वर्षे मुसलमानांच्या सणाने हिंदू, बौद्ध, बंजारा घरांच्या बियाण्याची सोय केली. ऐन पेरणीच्या तोंडावर, सावकाराच्या दारात न जाता. पुढे ती मे आणि मग एप्रिलकडे सरकत जाईल. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पूर्ण व्हावा लागतो आणि शेळी पाच महिन्यांनी विते. हे दोन आकडे धरून आजच मोजायला बसले पाहिजे. ज्याने तिथे तेढ लावली, त्याने आपल्याच गावातल्या विधवेच्या शेळीचा भाव पाडला.

चंद्र-सूर्याचा हा फरक जुन्या राज्यकर्त्यांना चांगला ठाऊक होता. चंद्राच्या वर्षाप्रमाणे सारा मागितला तर कधी तो पीक निघायच्या आधीच मागावा लागे. म्हणून अकबराच्या काळात महसुलासाठी पिकाला धरून चालणारा फसली सन आला. मराठवाड्यातल्या आपल्या भावांच्या घरी निजामाच्या राज्यातले जुने कागद असतील, त्यांवर फसली सन लिहिलेला सापडेल. मोगल बादशहालाही कळले होते की शेतकऱ्याकडून काही हवे असेल तर पंचांग शेताचे पाहावे लागते.

गावातले जुने पंचांगही सगळ्यांचेच आहे. मराठवाड्यात कितीतरी गावांत मोहरमच्या सवाऱ्या हिंदू घरांत बसतात. नागपुरात दसऱ्याला एकीकडे सोने लुटतात आणि दुसरीकडे, १९५६ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्या दीक्षाभूमीकडे, लाखो माणसे चालत येतात. त्यांतली कितीतरी माणसे आपल्याच शिवारात कापूस वेचणारी असतात. या प्रत्येक गर्दीला भाकरी लागते, डाळ लागते, तेल लागते, कपडा लागतो. शेतीमालाच्या दृष्टीने या देशातला प्रत्येक सण आपला आहे. ज्या दिवशी आपण त्यांतल्या अर्ध्यांना परके म्हटले, त्या दिवशी आपण आपले अर्धे गिऱ्हाईक गमावले.

वसुलीचे दिवस

१८८३ साली महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी हिशेब मांडला आहे : जन्मापासून मरणापर्यंत आणि वर्षाच्या सणावारांत शेतकऱ्याच्या घरातून धर्माच्या नावाने काय काय जाते. त्या काळी घेणारा भटभिक्षुक होता. आज सणाच्या नावाने घेणारे बदलले आहेत. मंडळाची पावती आहे, ध्वनिक्षेपकाचे भाडे आहे, हप्त्यावर घेतलेल्या वस्तू आहेत. ही छोटी वसुली झाली. मोठी वसुली दिसत नाही, कारण ती पावतीवर नसते. ती भावातून होते. तेलावरचे शुल्क उतरले तेव्हा आपल्या खिशात कोणी हात घातला नाही. फक्त सोयाबीनचे पोते तेच राहिले आणि पैसे कमी आले.

यावर शहरातले मित्र म्हणतील, गरिबाने सण करू नये काय? जरूर करावा. त्याला सरकारने पैसे द्यावेत, शिधा द्यावा, स्वस्त द्यावा. पण त्याचा खर्च तिजोरीतून करावा. तिजोरीत सगळ्यांचा पैसा असतो. भाव पाडून केलेली स्वस्ताई ही एकट्या शेतकऱ्याने भरलेली वर्गणी असते, आणि तिची पावतीही त्याला मिळत नाही.

पोळ्याचेच पाहा. बैलाची पूजा सगळा महाराष्ट्र करतो, शहरात मातीचे बैल विकले जातात. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. या कायद्यामागच्या भावनेबद्दल वाद घालण्याची ही जागा नाही. पण थकलेल्या बैलाला बाजारात किंमत उरली नाही, त्याला पोसायचा खर्च शेतकऱ्यावर आला आणि जुना बैल विकून नवा घेण्याचे चक्र तुटले, हे कोणत्याही बैलबाजारात जाऊन पाहता येते. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल सुमारे १ कोटी ५५ लाख होते, २०१९ च्या गणनेत ते १ कोटी ४० लाखांवर आले. कारणे अनेक आहेत, ट्रॅक्टर आहे, वैरण नाही. पण भावना सगळ्यांची आणि वैरण एकट्याची, हा हिशेब काही बैल वाढवणारा नाही.

दिवाळीचा ओला कापूस

आता ज्या तोट्याला आपण स्वतः आळा घालू शकतो तो पाहू. दसऱ्याला जिनिंगवर मुहूर्त होतो. पहिल्या गाडीला हार घालतात, शेतकऱ्याला टोपी-उपरणे देतात, भाव चढा देतात, फोटो छापून येतो. तो मुहूर्ताचा भाव. तो एका गाडीचा असतो, दुसऱ्या दिवशीच्या शंभर गाड्यांचा नसतो. पण फोटो पाहून गावोगाव वेचणीची घाई होते, आणि दिवाळीला आठ दिवस राहिले की खेडा खरेदीवाला काटा घेऊन दारात उभा राहतो.

शेतीशास्त्राची गोष्ट अशी की, परतीच्या पावसानंतरचा आणि दवातला कापूस ओला असतो. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो. पुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का कापतात आणि १२ च्या वर माल परत पाठवतात. परत आलेला माल खासगी व्यापारी घेतो, आणि तो कोणत्या भावाने घेतो हे आपण जाणतो.

एक हिशेब मांडू. समजा दिवाळीसाठी १३,००० रुपये लागतात. व्यापारी १४ टक्के ओलाव्याचा कापूस ६,५०० ने घेतो, म्हणजे दोन क्विंटल द्यावा लागतो. हाच दोन क्विंटल कापूस वाळवून ८ टक्क्यांवर आणला तर वजन घटून १ क्विंटल ८७ किलो भरेल. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० होता. त्या भावाने १५,१६६ रुपये होतात. मधल्या दोन महिन्यांसाठी बचतगटातून १३,००० रुपये शेकडा दोनने उचलले तर व्याज ५२० होते. ते वजा जाता १४,६४६ उरतात. घट धरून, व्याज धरून, दोन क्विंटलमागे १,६४६ रुपये जास्त. दिवाळीच्या आधी गावातून असे दोन-दोन क्विंटल शंभर घरांनी विकले तर एका गावाने व्यापाऱ्याला १,६४,६०० रुपयांची दिवाळी भेट दिली.

यात एक 'जर' आहे, तो आम्ही लपवत नाही. हमीभावाचे केंद्र उघडे असेल आणि माल घेत असेल तरच हा हिशेब जमतो. म्हणून घरातली शिस्त आणि रस्त्यावरची मागणी ही दोन्ही कामे एकत्रच करावी लागतील.

मग करायचे काय

व्यापारी लक्ष्मीपूजनाला वही पुजतो. त्याचा देव हिशेबात बसलेला असतो, म्हणून तो बुडत नाही. आपले सणही हिशेबाचेच दिवस होते. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते, खानदेशात आखाजीला. पोळ्याला गडी बोजारा घेतो. आपल्या पंचांगात दुसऱ्याला काय द्यायचे त्याचे दिवस नेमके आहेत, आपल्याला काय यायचे त्याचा दिवस मात्र नाही. तो आपणच ठरवायचा आहे. जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवत आहोत.

एक. पोळ्याच्या दिवशी बैलासमोर एक वही ठेवावी. बियाणे, खत, डवरणी, निंदण, फवारणी यांचा त्या दिवसापर्यंतचा खर्च तीत लिहावा. घरच्या माणसांची, विशेषतः बायांची, मजुरी बाजारभावाने धरावी. तोरणाखाली गाव जमतेच. तिथे झडत्या होतात, सावकारावर आणि सरकारवर टोमणे मारून सगळे हसतात. हसून झाल्यावर एका क्विंटलचा खर्च किती आला हेही तिथेच वाचून दाखवावे.

दोन. प्रत्येक गावात दिवाळीपुरती उचल देणारा गट उभा करावा. त्यासाठी नवा पैसा शोधायला नको. सणांच्या नावाने गावातून जी वर्गणी जमते, तिच्यातला ध्वनिक्षेपकाचा हिस्सा बाजूला काढला तरी सुरुवात होते. सगळ्या धर्मांच्या मंडळांनी हा हिस्सा एकाच पेटीत टाकावा. ओला कापूस कोणाचाही असो, त्याचा भाव एकच पडतो.

तीन. कापसाची सरकारी खरेदी दसऱ्याला सुरू झाली पाहिजे. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत, म्हणजे खरिपाचा माल शेतकऱ्याच्या हातात असताना, कापूस, तेलबिया आणि डाळींच्या आयातशुल्काला कोणी हात लावू नये. बदल करायचा तर तो पेरणीच्या आधी जाहीर करावा, म्हणजे काय पेरायचे ते आम्ही ठरवू.

चार. सरकार सणाला शिधा देणार असेल तर त्यात त्या विभागात पिकणारी ज्वारी, डाळ आणि तेल असावे आणि ते हमीभावाने घेतलेले असावे. ज्या जिल्ह्यात येळवस होते तिथे येळवशीच्या शिध्यात ज्वारी नसेल तर तो शिधा देऊ नये, अपमान तरी टळेल.

तारखेत ताकद असते हे विसरू नये. १३ जानेवारी २०२१ ला दिल्लीच्या सीमेवर शेतकऱ्यांनी लोहरीच्या आगीत तीन कृषी कायद्यांच्या प्रती टाकल्या. ते कायदे मागे घेण्याची घोषणा झाली ती १९ नोव्हेंबर २०२१ ला, गुरू नानक जयंतीच्या दिवशी. त्या कायद्यांविषयी शेतकऱ्यांत दोन मते होती आणि आजही आहेत. पण आंदोलकांनी आपला दिवस निवडला आणि सरकारनेही घोषणेसाठी त्यांचाच दिवस निवडला, यातून शिकण्यासारखे आहे. निवडणुकीच्या तारखा राजकारण्यांच्या, अंदाजपत्रकाची तारीख अर्थमंत्र्याची, सणाची तारीख मात्र अजून आपल्या शिवाराची आहे.

येत्या पोळ्याला किती गावांत वही ठेवली जाईल, हे प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याने या बैठकीतच नाव घालून सांगावे. गावांची यादी पुढच्या अंकात छापू. इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो, असे आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो. राज्य येईल तेव्हा येईल. त्याचा जमाखर्च लिहायला बसायला मुहूर्त लागत नाही.